तोल, चक्कर आणि मेंदूतली केमिकल्स : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात चक्करेबद्दल लिहिलं आणि त्यानंतर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतोय. बहुतेकांचा प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतो, की तोल सांभाळणं हे कानाचं काम असेल तर डॉक्टर मेंदूवर चालणाऱ्या गोळ्या का देतात आणि त्या किती दिवस घ्यायच्या. मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे, चक्करेचे पेशंट रोज बघतो, आणि चार दिवसांसाठी लिहिलेल्या गोळ्या वर्ष वर्ष चालू राहिलेल्या बघून मला मनापासून काळजी वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. नावं कोणाचीच छापत नाहीये.

प्रश्न : मी पुण्यात आयटीत आहे, वय 34. महिन्यापूर्वी सकाळी उठलो तर अख्खी खोली गरगर फिरत होती, उलट्या, उभंच राहता येईना. डॉक्टरांनी कानात थंड आणि गरम पाणी सोडून टेस्ट केली आणि डाव्या कानाची तोलाची नस सुजलीये म्हणाले. तीन दिवस गोळ्या दिल्या, मग बंद करून म्हणाले आता चाला, मान हलवा, व्यायाम करा. मान हलवली की अजून गरगरतं. गोळीने बरं वाटत होतं तर ती बंद का केली?

उत्तर : दादा, तुमच्या डॉक्टरांनी बरोबर केलं, आणि का ते कळलं की व्यायाम करायला तुम्हाला हुरूप येईल.

कानात अगदी आत, ऐकण्याच्या शंखाला लागूनच, तीन अर्धगोल नळ्या आणि दोन छोट्या पिशव्या असतात. डोकं हललं की त्यातलं पाणी मागे राहतं, त्याने तिथल्या केसाळ पेशी वाकतात आणि ग्लुटामेट नावाचं केमिकल सोडतात, ते तोलाच्या नसेला जागं करतं. ही नस जाते ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे मेंदूचा जो खालचा देठ पाठीच्या कण्याकडे उतरतो तिथे. तिथे दोन्ही बाजूंना चेतापेशींचे चार-चार मोठे गट असतात, त्यांना व्हेस्टिब्युलर न्यूक्लियस म्हणतात. तोलाचा खरा कारभार इथून चालतो, इथूनच डोळ्यांना, मानेला आणि पायांना ऑर्डरी सुटतात, आणि डोळ्यांची ऑर्डर तर इतकी झटपट की डोकं हलल्यापासून सेकंदाच्या शंभराव्या भागात डोळे उलट बाजूला वळायला लागलेले असतात.

आता महत्त्वाचं. डोकं एकदम स्थिर असतानाही ही नस गप्प बसत नाही. माकडांमध्ये मोजलं तेव्हा नसेच्या एकेका तंतूतून सेकंदाला साधारण 90 सिग्नल जाताना दिसले, ते पण काहीच हालचाल नसताना. दोन्ही कानांचा हा आवाज सारखा असला की मेंदू समजतो आपण स्थिर आहोत. बैलजोडीसारखं आहे हे, दोन्ही बैल सारखे ओढतायत तोवर गाडी सरळ, एक बसला की गाडी वळते. तुमचा डावा बसला. आणि वर भर म्हणजे दोन्ही बाजूच्या न्यूक्लियस एकमेकींना दाबत असतात, गॅबा आणि ग्लायसीन ही दोन दाबणारी केमिकल्स वापरून. डावीकडे कानाचा सिग्नल यायचा थांबला आणि उजवीकडून दाब मात्र चालूच, त्यामुळे डावीकडच्या चेतापेशी पार गप्प झाल्या, मेंदूला वाटलं आपण उजवीकडे गरगर फिरतोय, डोळे डावीकडे सरकायला लागले आणि झटक्याने परत यायला लागले, खोली फिरताना दिसली ती त्यामुळे.

यातून माणूस बरा होतो तो कसा? नस पूर्ण दुरुस्त होईलच असं नाही, बऱ्याच जणांची होत नाही, तरी चक्कर जाते. गिनीपिग आणि उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय की एका बाजूचा कान निकामी केल्यावर साधारण आठवड्याभरात त्या बाजूच्या चेतापेशी पुन्हा आपणहून सिग्नल द्यायला लागतात, कान काहीही पाठवत नसताना! त्या गॅबाला कमी दाद द्यायला लागतात, स्वतःची उत्तेजना वाढवतात, त्या काळात तिथे हिस्टामाइनसुद्धा जास्त सुटतं. स्थिर असतानाची चक्कर थांबते ती इतपत दुरुस्तीने. पण डोकं हलवल्यावरची चक्कर जायला मेंदूला नवीन हिशोब शिकावा लागतो, आणि त्यासाठी त्याला चूक दिसावी लागते, म्हणजे डोकं हललं आणि नजर घसरली हे त्याला पुन्हा पुन्हा कळावं लागतं.

गुंगीच्या गोळ्या काय करतात, तर दोन्ही बाजू दाबतात. फरक कमी जाणवतो म्हणून बरं वाटतं. पहिले दोन-तीन दिवस उलट्यांनी जीव जात असतो तेव्हा त्या हव्यातच, तेव्हा त्या नाकारणं चूक आहे. पण नंतर चालू ठेवल्या तर मेंदूला चूकच दिसत नाही आणि शिकणं लांबतं.

व्यायाम असा करा. हात समोर सरळ धरून अंगठा उभा करा, अंगठ्याच्या नखावर नजर ठेवा आणि नाही-नाही म्हणतो तशी मान डावी-उजवीकडे हलवा, नख धूसर व्हायला लागेल इतक्या वेगापर्यंत जा आणि त्याच्या जरा अलीकडे थांबा, एक मिनिट. मग हो-हो म्हणतो तशी वर-खाली. दिवसातून तीन वेळा, आधी बसून, मग उभं राहून, मग चालता चालता. थोडं गरगरेल, पंधरा-वीस मिनिटांत शांत झालं तर डोस योग्य आहे, तासभर टिकलं तर उद्या वेग कमी करा. अशा व्यायामांची पद्धत इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी या दोन डॉक्टरांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बसवली, कारण त्यांना दिसलं होतं की अंथरुणात पडून राहणाऱ्यांपेक्षा हिंडते-फिरते पेशंट लवकर बरे होतात.

तुमच्या कानात पाणी सोडून जी टेस्ट केली ती व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यांची. 1914 चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं आणि ती बातमी कळली तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. शंभरेक वर्षं झाली तरी आपण अजून तेच पाणी सोडतोय, इतकी ती टेस्ट पक्की आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, सांगली. दीड वर्षापासून बीटाहिस्टीन 16 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा घेतोय. तरी रात्री उजव्या कुशीवर वळलो की अर्धा मिनिट सगळं फिरतं आणि थांबतं. दिवसा काही नसतं. ही गोळी मेंदूत नेमकं करते काय आणि मला फरक का पडत नाही?

उत्तर : सर, तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो कारण तो सोपा आहे आणि तुमचा त्रास बहुतेक एका दिवसात जाईल असा आहे.

कुशीवर वळल्यावर, वर बघितल्यावर किंवा खाली वाकल्यावर काही सेकंद गरगरणं आणि थांबणं, हे बहुतेक वेळा कानातल्या खड्यांचं असतं. मघाशी ज्या दोन पिशव्या म्हटल्या त्या दोन्हींत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक चिकटलेले असतात, वयाने किंवा डोक्याला मार लागून एकीतले ते सुटतात आणि अर्धगोल नळीत जाऊन पडतात, मग वळलं की ते नळीत घरंगळतात आणि कान खोटा सिग्नल पाठवतो. इथे केमिकलचा काही बिघाडच नाही. मेंदूतल्या चेतापेशी अगदी इमानदारीने काम करतायत, त्यांना मिळणारी बातमीच चुकीची आहे. कुठलीही गोळी खडा हलवू शकत नाही. त्यासाठी एप्ली नावाची पद्धत आहे, तुम्हाला टेबलवर झोपवून मान ठरावीक क्रमाने फिरवतात, पाच-दहा मिनिटांचं काम, कधी दोन-तीन वेळा करावं लागतं. पण आधी कुठला कान आणि कुठली नळी ते तपासून घ्यायचं, व्हिडिओ बघून घरी स्वतःची मान फिरवू नका, मानेच्या मणक्यांचा त्रास असेल तर आधी तसं सांगा.

आता गोळी. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, त्याच्या मागच्या बाजूला चेतापेशींचा एक छोटासा पुंजका आहे, मेंदूतलं हिस्टामाइन तिथून सगळीकडे जातं. हिस्टामाइन म्हटलं की आपल्याला शिंका आणि अंगावरच्या गांधी आठवतात पण मेंदूत त्याचं काम जागं ठेवायचं आहे, आणि या पुंजक्याचे तंतू तोलाच्या न्यूक्लियसपर्यंत पोचतात. तिथे हिस्टामाइन चेतापेशींवरच्या एच-वन आणि एच-टू रिसेप्टरवर, म्हणजे केमिकल बसायच्या ठरलेल्या जागांवर, बसतं आणि त्यांना जास्त सिग्नल द्यायला लावतं. तिसरा एक रिसेप्टर आहे एच-थ्री, तो हिस्टामाइन सोडणाऱ्या पेशीवरच असतो आणि जास्त सुटायला लागलं की तो ते रोखतो. बीटाहिस्टीन या एच-थ्रीला अडवतं, म्हणजे रोखणाराच बाजूला झाला, आणि हिस्टामाइन जास्त सुटतं. शिवाय आतल्या कानाचा रक्तपुरवठा वाढतो असं प्राण्यांमध्ये दिसलंय. वाचायला हे फार पटण्यासारखं आहे, आणि म्हणूनच ही गोळी जगभर इतकी लिहिली जाते.

पण केमिकलची गोष्ट पटणं वेगळं आणि पेशंटला फरक पडणं वेगळं. जर्मनीत मेनिएर नावाच्या, चक्करेचे झटके देणाऱ्या आतल्या कानाच्या आजाराच्या 221 पेशंटवर मोठी ट्रायल झाली, 2016 मध्ये छापली गेली. काहींना साधी साखरेसारखी गोळी, काहींना बीटाहिस्टीन 24 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, काहींना तब्बल 48 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, नऊ महिने. चक्करेचे झटके तिन्ही गटांत कमी झाले आणि तिन्ही गटांत सारखेच कमी झाले. अमेरिकेत तर या गोळीला सध्या मान्यताच नाही. मी ही गोळी लिहीतच नाही असं नाही, नस सुजल्यानंतरच्या काळात किंवा मेनिएरमध्ये काही आठवडे देऊन बघतो आणि फरक नसेल तर बंद करतो. पण खड्यांच्या चक्करेवर दीड वर्ष, याला काही आधार नाही. दमा किंवा पोटात अल्सर असेल तर ती जपूनच द्यावी लागते हेही लक्षात असू द्या. सर, तुम्ही या आठवड्यात तपासून घ्या.

प्रश्न : आई 74 वर्षांची, आम्ही नाशिकला असतो. झोपेसाठी ती बरीच वर्षं अल्प्राझोलाम घेते आणि दोन वर्षांपूर्वी चक्कर आली तेव्हापासून सिनारिझिन. आता चालताना झोक जातो, पावलं बारीक बारीक टाकते, हात थरथरतो, गेल्या महिन्यात रात्री बाथरूमला जाताना पडली. सगळे म्हणतात वय झालं. खरंच वयच का?

उत्तर : ताई, वय असेलही, पण वयावर ढकलायच्या आधी त्या दोन गोळ्यांकडे बघा. तुमचं पत्र आलं तेव्हा सगळ्यात आधी याचंच उत्तर लिहायला बसलो.

तोलाच्या चार गटांपैकी एक आहे डायटर्सचा न्यूक्लियस, ऑटो डायटर्स या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाचा. बिचारा 1863 मध्ये तिशीच्या आत गेला, पुस्तक त्याच्या माघारी 1865 मध्ये छापलं गेलं. इथल्या चेतापेशी चांगल्या मोठाल्या असतात आणि त्यांचे तंतू थेट कण्यातून खाली उतरून पाय सरळ ठेवणाऱ्या स्नायूंपर्यंत ऑर्डर पोचवतात. आपण अडखळलो की विचार करायच्या आत पाय ताठ होऊन अंग सावरलं जातं ते यांच्यामुळे. आणि या पेशींवर देखरेख असते लहान मेंदूची. 1960 च्या दशकात जपानमध्ये मासाओ इतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की लहान मेंदूतल्या पुर्किन्ये पेशी डायटर्सच्या पेशींना चेतवत नाहीत, फक्त दाबतात, आणि दाबायचं त्यांचं केमिकल म्हणजे गॅबा. म्हणजे आपला तोल हा दाबणं आणि सोडणं यांच्या अतिशय नेमक्या वेळेवर चालतो, कुठल्या क्षणी किती दाबायचं आणि किती सोडायचं.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम या सगळ्या गोळ्या गॅबाचा परिणाम वाढवतात, आणि ते फक्त झोपेच्या जागी वाढवत नाहीत, सगळीकडे वाढवतात, तोलाच्या पेशींवर पण. मग रात्री दोनला बाथरूमला उठलं, दिवा लावला नाही, पायाखाली पायपुसणं सरकलं, तर जे सावरणं आपसूक व्हायचं ते उशिरा होतं. म्हातारपणी हा उशीर म्हणजे खुब्याचं हाड. या गोळ्या उतारवयात शरीरातून बाहेर पडायला पण जास्त वेळ घेतात, त्यामुळे रात्रीची गोळी सकाळपर्यंत अंगात असते.

आता सिनारिझिन. ही गोळी हिस्टामाइनला अडवते, कॅल्शियमची वाट अडवते, आणि जास्त दिवस घेतली, विशेषतः म्हातारपणी, तर डोपामाइनच्या कामातही अडथळा आणते. डोपामाइन कमी पडलं की काय होतं ते आपल्याला पार्किन्सनवरून माहीत आहे, थरथर, बारीक पावलं, अंग ताठर, वळताना तोल जाणं. गोळ्यांनी होणारा असा पार्किन्सनसारखा त्रास चांगला ओळखीचा आहे. फ्लुनारिझिन, उलटीसाठीचं मेटोक्लोप्रामाइड, चक्करेला सर्रास दिलं जाणारं प्रोक्लोरपेराझिन, हे सगळे याच यादीत आहेत. यातली चांगली गोष्ट ही की गोळी बंद केल्यावर बऱ्याच जणांचा त्रास काही आठवड्यांत ते काही महिन्यांत ओसरतो. काहींचा नाही ओसरत, तेव्हा आतून खरा पार्किन्सन सुरू होत होता असं कळतं.

मी बघितलेल्या अशा एका आजींना घरच्यांनी पार्किन्सनच्या गोळ्या पण सुरू करून आणल्या होत्या, म्हणजे एका गोळीने झालेल्या त्रासावर दुसरी गोळी. खरं तर पहिली बंद करायची होती. आईच्या बाबतीत हे होऊ देऊ नका.

पण कृपा करून एक करू नका, हे वाचून आज रात्रीपासून अल्प्राझोलाम एकदम बंद करू नका. इतक्या वर्षांची गोळी एकदम थांबवली तर झोप पूर्ण उडते, घालमेल होते, क्वचित फिट पण येते. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्या-आठवड्याने थोडी थोडी उतरवायची असते. सिनारिझिनचं मात्र फिजिशियनना या आठवड्यातच दाखवून विचारा. सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स एका पिशवीत घालून न्या, चिठ्ठीवरची नावं नुसती वाचून दाखवू नका. आणि बाथरूमच्या वाटेवर रात्रभर दिवा चालू ठेवा, कारण कान आणि मेंदू दोन्ही कच्चे असताना तोल डोळ्यांवर चालतो.

प्रश्न : चिपळूणहून कराडला जाताना कुंभार्ली घाटात माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला हमखास गाडी लागते. अवोमिन दिली की तो झोपतो आणि मामाकडे पोचल्यावर पण सुस्त असतो. घरात सर्दीची सेटिरिझिन आहे, ती पण ॲलर्जीचीच गोळी ना, ती दिली तर चालेल का? तिने झोप कमी येते म्हणतात.

उत्तर : ताई, सेटिरिझिनने झोप कमी येते हे बरोबर, आणि नेमकं त्याच कारणाने ती गाडी लागण्यावर चालत नाही. ती मेंदूत फारशी शिरतच नाही, आणि इथे काम आहे मेंदूत.

घाटात काय होतं, तर पोराचं लक्ष मोबाईलमध्ये किंवा समोरच्या सीटच्या पाठीवर, डोळे सांगतात आपण स्थिर, आणि कान सांगतो आपण वळणावळणाने चाललोय. दोन बातम्या जुळत नाहीत. न्यूक्लियसमधल्या पेशी हा गोंधळ पुढे पाठवतात आणि तिथून ब्रेनस्टेममधली उलटीची यंत्रणा जागी होते, या सगळ्या वाटेवर हिस्टामाइन आणि ॲसिटिलकोलीन ही दोन केमिकल्स काम करतात. ज्यांचे दोन्ही कान तोलाच्या बाबतीत निकामी आहेत त्यांना गाडी लागतच नाही, यावरून कानाचा यात किती हात आहे ते समजा. दोन वर्षांच्या आतल्या बाळांना सहसा लागत नाही, सहा ते बारा वर्षांत सगळ्यात जास्त लागते, पुढे बहुतेकांची कमी होते. तेव्हा तुमचं पोर यातून मोठं होईल.

अवोमिनमधलं प्रोमेथाझिन हिस्टामाइन आणि ॲसिटिलकोलीन दोन्ही अडवतं म्हणून ते चालतं, आणि मेंदूतलं हिस्टामाइन जागं ठेवणारं असल्यामुळे ते अडवलं की झोप ही येणारच. अंतराळवीरांना यानात मळमळलं की प्रोमेथाझिनचंच इंजेक्शन देत आलेत. ॲलर्जीच्या गोळीचा हा उपयोग सापडला तो पण योगायोगानेच. 1947 मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये अंगावर गांधी उठतात म्हणून आलेल्या एका गरोदर बाईला नवीन गोळी दिली, ती म्हणाली की गांधींचं राहू द्या, या गोळीने माझं गाडी लागणं थांबलं. डॉक्टर गे आणि कार्लायनर यांनी तिचं बोलणं उडवून लावलं नाही, पुढे सैनिकांना घेऊन अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजावर तीच गोळी देऊन बघितली आणि खरंच उपयोग झाला. ते डायमेनहायड्रिनेट, आपल्याकडेही मिळतं. पेशंट जाता जाता जे सांगतो ते नीट ऐकणारे डॉक्टर होते म्हणून हे औषध आपल्याला मिळालं, असं मला फार वाटतं.

ॲसिटिलकोलीन अडवणारं जुनं औषध म्हणजे हायोसीन, दुसऱ्या महायुद्धात बोटीतून जाणाऱ्या सैनिकांना याच्याच गोळ्या दिल्या होत्या. हे धोतऱ्यात असतं, आणि हे वाचून कोणी घरगुती प्रयोग करेल या भीतीने ठळक सांगतो, धोतरा विष आहे, त्याचं बी, पान, काहीही पोटात जाता कामा नये.

तुम्ही असं करा. गोळी द्यायचीच असेल तर निघण्याच्या अर्धा ते एक तास आधी द्या, मळमळ सुरू झाल्यावर दिलेली गोळी पोटातून पुढे सरकतच नाही. डोस मुलाच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून एकदा ठरवून घ्या, मोठ्यांची अर्धी मोडून अंदाजाने देऊ नका, आणि दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रोमेथाझिन अजिबात नाही. त्याहून आधी हे करून बघा, एसटीत पुढची खिडकी, मोबाईल बॅगेत, नजर लांब रस्त्यावर किंवा समोरच्या डोंगरावर, निघताना पोट तुडुंब नाही आणि रिकामंही नाही. आलेपाक दिला तर हरकत नाही, आल्याने मळमळ कमी होते असं काही अभ्यासांत दिसलंय आणि त्याने झोप येत नाही.

प्रश्न : खड्यांची चक्कर होती, एप्लीने गेली, एमआरआय नॉर्मल. पण आता पाच महिने रोज दिवसभर तरंगल्यासारखं वाटतं, मॉलमध्ये, गर्दीत, सरकत्या जिन्यावर जास्त. डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी लिहून दिली. मी वेडी आहे का? — वाचक, ठाणे

उत्तर : अजिबात नाही, आणि ही गोळी तुमचं मन कमकुवत आहे म्हणून दिलेली नाही. तुम्ही सांगताय त्या त्रासाला पीपीपीडी म्हणतात, त्याच बारानींच्या नावाच्या संस्थेने 2017 मध्ये त्याचे निकष ठरवले, तीन महिने किंवा जास्त, बहुतेक दिवस, उभं राहिल्यावर आणि हलत्या दृश्यात वाढणारं. पहिल्या चक्करेत मेंदू घाबरून अति सावध होतो आणि ती सावधगिरी सोडतच नाही. ब्रेनस्टेममध्ये सेरोटोनिन बनवणाऱ्या आणि नॉरॲड्रेनालिन बनवणाऱ्या चेतापेशींचे तंतू तोलाच्या न्यूक्लियसवर उतरतात, आणि न्यूक्लियसमधून भीतीच्या यंत्रणेकडे वाटा जातात. म्हणून भीतीने तोल जास्त जाणवतो आणि तोल गेल्याने भीती वाटते, दोन्ही खरं असतं. सेरोटोनिन वाढवणाऱ्या गोळ्यांचा इथे बऱ्याच जणांना उपयोग होतो, पण त्या तोलाचे व्यायाम आणि समुपदेशन यांच्या जोडीने, सुरुवात छोट्या डोसने, आणि फरक दिसायला काही आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून एकदम सोडू नका, या गोळ्या अचानक थांबवल्या तर त्यानेच चक्कर येते आणि मग जुना आजार परत आला असं वाटून माणूस हादरतो.

प्रश्न : दारू प्यायल्यावर झोकांड्या जातात ते मेंदूमुळे की कानामुळे? — बारावी सायन्स, लातूर

उत्तर : दोन्हीमुळे. दारू गॅबाचा परिणाम वाढवते आणि लहान मेंदूचं काम बिघडवते, त्यामुळे चाल फाकते, जीभ जड होते. कानात वेगळंच होतं, अर्धगोल नळीत जेलीसारखा एक पडदा असतो, त्याची घनता भोवतालच्या पाण्याइतकीच असते म्हणून एरवी तो गुरुत्वाकर्षणाला दाद देत नाही. दारू रक्तातून आधी त्या पडद्यात शिरते, तो पाण्यापेक्षा हलका होतो, आणि आडवं झालं की खोली फिरायला लागते. काही तासांनी उलटं होतं, पडद्यातून दारू आधी निघून जाते, पाण्यात राहते, आणि गरगरणं पुन्हा येतं, या वेळी उलट्या दिशेने. रक्तातली दारू जवळजवळ संपली तरी हे राहू शकतं, म्हणून आदल्या रात्री घेतली असेल तर सकाळी गाडी चालवणं पण धोक्याचंच.

प्रश्न : मी कोल्हापुरात एमएस्सी झूलॉजी करतेय. मेंदूतली ही केमिकल्स तोलाच्या पेशींवर थेट काम करतात हे प्रयोगाने कसं दाखवतात? प्रोजेक्टसाठी एखादं उदाहरण द्याल का?

उत्तर : अशी पत्रं आली की फार बरं वाटतं. ओरेक्सिनचं उदाहरण घे. हे केमिकल 1998 मध्ये सापडलं, हायपोथॅलॅमसमधल्या थोड्याच पेशी ते बनवतात, भूक आणि जागेपणा यासाठी ते ओळखलं जातं. या पेशी ज्यांच्यात नष्ट होतात त्यांना नार्कोलेप्सी होते, आणि त्यात बऱ्याच जणांना कॅटाप्लेक्सी, म्हणजे जोरात हसू आलं की गुडघ्यातलं बळच जातं आणि माणूस खाली बसतो, शुद्ध असते तरी. जागेपणाचं केमिकल गेलं तर स्नायूंची ताकद का जावी, हा प्रश्न त्यातून आला.

चीनमधल्या नानजिंग विद्यापीठाच्या टीमने 2011 मध्ये उंदरांवरचं काम छापलं. आधी त्यांनी मेंदूचे पातळ काप जिवंत ठेवून मघाच्या त्या डायटर्सच्या न्यूक्लियसमधल्या पेशींचे सिग्नल नोंदवले, वर ओरेक्सिन सोडलं, पेशी जास्त सिग्नल द्यायला लागल्या. मग हे कुठल्या रिसेप्टरमुळे होतं ते बघायला ओरेक्सिनचे दोन्ही रिसेप्टर एकेक करून अडवले, दोन्हींचा हात निघाला. मग जिवंत उंदरांच्या त्याच जागी ओरेक्सिन अडवणारं औषध सोडलं आणि उंदरांना फिरत्या दांड्यावर आणि अरुंद पट्टीवर चालवलं. अशा अवघड कामात त्यांचा तोल बिघडला, पण नुसतं बसणं किंवा साधं हिंडणं यात तसा फरक पडला नाही. म्हणजे हे केमिकल रोजच्या चालण्याला लागत नाही, तोल पणाला लागतो तेव्हा लागतं.

तुझ्या प्रोजेक्टसाठी यातला क्रम महत्त्वाचा आहे, आधी पेशी, मग रिसेप्टर, मग वागणं, आणि प्रत्येक पायरीला अडवून बघणं. नुसतं केमिकल सोडलं आणि परिणाम दिसला एवढ्याने ते केमिकल शरीरात एरवीही तेच काम करतं असं म्हणता येत नाही, शरीराचं स्वतःचं ओरेक्सिन अडवल्यावर तोल बिघडला म्हणून ते म्हणता आलं. हिस्टामाइनवरचं काम पण असंच झालंय, दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचलंस तर रिपोर्टला चांगला मसाला मिळेल, आणि चेतापेशींचं इलेक्ट्रिकल रेकॉर्डिंग कसं करतात ते आधी नीट समजून घे, नाहीतर त्यातले आलेख नुसत्या रेघा वाटतील.